मोपा ते लिस्बन : किलोमीटर खरे, तास हिशेबाचे

दोन विमानतळांची नावे टाकली की त्यांच्यातील अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ क्षणात सांगणारी अनेक संकेतस्थळे आज फुकट उपलब्ध आहेत. त्यांपैकी एक, बहुधा शोधाच्या पहिल्या दोन-तीन उत्तरांतच सापडणारे, म्हापशातील आमच्या तिकिटांच्या कचेरीत रोज उघडे असते. त्याचे नाव येथे देत नाही, कारण ही सगळी संकेतस्थळे एकाच माळेचे मणी आहेत आणि एकाचे गुणदोष सांगितले की बाकीच्यांचेही बहुतांशी सांगून होतात. परीक्षण लिहावेसे वाटले ते अशासाठी की, गोव्यातून लिस्बन, लंडन किंवा टोरांटो गाठू पाहणाऱ्या माणसाला या पानावरचा एक आकडा अतिशय उपयोगी पडतो आणि त्याच्या शेजारीच, तितक्याच ठळक अक्षरांत छापलेला दुसरा आकडा त्याची हमखास दिशाभूल करतो.

सुरुवात नाव टाकण्यापासूनच करावी लागते. शोधाच्या चौकटीत जी, ओ, ए ही तीन रोमन अक्षरे टाकून लिस्बनचे अंतर विचारले तर उत्तर येते सुमारे १,६०० किलोमीटर आणि वेळ अडीच तास. गोव्याहून अडीच तासांत लिस्बन झाले असते तर आमच्याकडे रांग लागली असती. घडते ते असे की, हे पान तीन अक्षरे दिसली की त्यांना विमानतळाचा सांकेतिक शब्द समजते, आणि जीओए हा संकेत आपल्या गोव्याचा नसून इटलीतील जिनोआचा आहे. गोव्यात विमानतळ दोन; दाबोळीचा संकेत जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. जो माणूस रोज तिकिटे हाताळतो त्याला हे पाठ असते. घरी बसून मुलीच्या प्रवासाचा अंदाज घेणाऱ्या बापाला ते ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही, आणि पानाने ‘तुम्हाला भारतातील गोवा हवा आहे काय?’ असे एका ओळीने विचारायला हरकत नव्हती.

नाव पूर्ण लिहिले तर दोन्ही विमानतळ यादीत दिसतात, पण दाबोळी पहिला येतो. मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून, म्हणजे मोपाहून, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडत आहेत, तरी ‘गोवा’ म्हटले की पानाला आधी दाबोळीच आठवते. दाबोळीच्या नावापुढे शहर म्हणून ‘वास्को द गामा’ छापलेले असते. ज्या गृहस्थाला लिस्बनहून जुलै १४९७ मध्ये निघून कालिकतला पोचायला मे १४९८ उजाडला, त्याच्या नावाखाली लिस्बनचा प्रवास तासा-मिनिटांत मोजलेला पाहताना थोडे हसू येते, एवढेच.

आता अंतराकडे येऊ, कारण या सेवेचे खरे बळ तेथे आहे. मोपा ते लिस्बन हे पान सुमारे ८,३२० किलोमीटर दाखवते आणि दाबोळी ते लिस्बन सुमारे ८,३४५. हे आकडे विश्वास ठेवण्याजोगे आहेत. त्यामागे गुपित काही नाही. मोपा १५ अंश ४४ मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश ५२ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. लिस्बनचा विमानतळ ३८ अंश ४६ मिनिटे उत्तर आणि ९ अंश ८ मिनिटे पश्चिम येथे आहे. ही चार मापे आणि पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर एवढ्या सामग्रीवर शाळेतील त्रिकोणमितीने कोणीही हे अंतर कागदावर काढू शकतो. पृथ्वी नेमकी गोल नाही; विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवांकडे ६,३५७ आहे, त्यामुळे चपट्या गोलाचा हिशेब धरणारे दुसरे संकेतस्थळ काही किलोमीटरांचा फरक दाखवील. तो फरक अर्ध्या टक्क्याच्या पलीकडे जात नाही आणि प्रवाशाच्या दृष्टीने त्याला काही महत्त्व नाही. घोटाळा होतो तो एककांचा. पान उघडताच मोठ्या अक्षरांत मैल येतात, त्याखाली किलोमीटर आणि तिसऱ्या ओळीत सागरी मैल. म्हणजे एकच अंतर ५,१७०, ८,३२० आणि ४,४९० अशा तीन वेषांत समोर उभे राहते. एकदा किलोमीटर निवडल्यावर ती निवड पानाने लक्षात ठेवावी, तर तेही होत नाही.

मोपा दाबोळीपासून सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर उत्तरेला आहे, मग लिस्बन केवळ वीस-पंचवीस किलोमीटरच जवळ का येते, हा प्रश्न चौकस गिऱ्हाईक विचारते आणि त्याचे उत्तर पानावरील नकाशात आहे. रेषा उत्तरेकडे निघत नाही, वायव्येकडे निघते. सपाट नकाशावर ती फुगलेली कमान दिसते, पण पृथ्वीच्या गोलावर मोपा आणि लिस्बन यांवर दोरा ताणून धरला तर तो जेथून जाईल तीच ही वाट, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातील बृहद्‌वृत्ताचा तुकडा. या पानावर मला सर्वांत जास्त आवडते ते हे की नकाशा मोठा करून रेषा बोटाने पुढे नेता येते. मोपाहून निघालेली ही रेषा अरबी समुद्र तिरका ओलांडून होर्मुझच्या सामुद्रधुनीवर पोचते, इराणच्या किनाऱ्याने बुशेहरच्या बाजूला सरकते, इराकमध्ये करबलाच्या जवळून जाते आणि सीरियाच्या वाळवंटात, पाल्मिराच्या आसपास, तिची अर्धी वाट संपते. पुढे सायप्रसच्या उत्तरेचा समुद्र, अथेन्सच्या थोडे दक्षिणेला ग्रीस, इटलीच्या टोकाचा कालाब्रिया, सार्डिनियाचा दक्षिण भाग आणि स्पेनमधील व्हॅलेन्सिया असे करीत ती लिस्बनला उतरते. गंमत म्हणजे व्हॅलेन्सियाला येईपर्यंत ती लिस्बनच्याही थोडी उत्तरेला चढलेली असते आणि शेवटच्या टप्प्यात खाली येते. भूगोलाच्या शिक्षकांनी ही रेषा वर्गात दाखवावी इतकी ती बोलकी आहे.

तीच रेषा नीट पाहिली की शेजारच्या वेळेच्या आकड्याबद्दल शंका यायला हवी. होर्मुझ, इराक, सीरिया! या वाटेने सरळ जाणारे प्रवासी विमान शोधून सापडणार नाही. सीरियातील युद्ध पेटल्यापासून वर्षानुवर्षे बहुतेक विमान कंपन्यांनी ते आकाश टाळले. शिवाय गोव्याहून लिस्बनला थेट सेवाच नाही. तरीही पान ठामपणे सांगते : ‘उड्डाणाचा वेळ १० तास ५० मिनिटे’. हे मिनिट कोठून आले, हे जाणून घेण्यासाठी त्याच पानाला एक वेडगळ प्रश्न विचारून पाहावा. दाबोळी ते मोपा किती वेळ? उत्तर येते : ४० किलोमीटर, ३३ मिनिटे.

या ३३ मिनिटांत सगळे पोटातले ओठावर येते. चाळीस किलोमीटर उडायला विमानाला जेमतेम तीन मिनिटे लागतील. उरलेली तीस मिनिटे उड्डाण आणि उतरण्यासाठी म्हणून सरसकट धरलेली आहेत. आता मोपा ते लंडनचे गॅटविक विचारले तर सुमारे ७,५४० किलोमीटरांना ९ तास ५२ मिनिटे मिळतात. लिस्बन आणि गॅटविक यांच्या अंतरांतील फरक ७८० किलोमीटर आणि वेळेतील फरक ५८ मिनिटे. भागाकार केला की ताशी सुमारे ८०५ किलोमीटर, म्हणजे बरोबर ५०० मैल, हा वेग बाहेर पडतो. सारांश, अंतराला ८०५ ने भागायचे आणि अर्धा तास मिळवायचा, एवढेच या पानाचे वेळेविषयीचे ज्ञान आहे. विमान कोणते, वारा कसा, आकाश उघडे की बंद, अशी सेवा अस्तित्वात आहे की नाही, यांपैकी कशाचाही त्यात विचार नाही. एअर इंडियाने जुलै २०२३ मध्ये मोपा ते गॅटविक थेट सेवा सुरू केली आणि जून २०२५ मध्ये ती स्थगित झाली; पानावरचे ९ तास ५२ मिनिटे सेवा सुरू होण्यापूर्वी होते, सेवा असताना होते आणि नंतरही तसेच राहिले.

एवढे ढोबळ गणित करायला हरकत नसते. लांबच्या पल्ल्याची विमाने वरच्या आकाशात ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातात आणि चढण्या-उतरण्यातला संथ भाग धरता सरासरी ८०० च्या वर राहते, हे मान्य. पण मग ‘अंदाजे दहा ते बारा तास’ असे लिहावे. पन्नास मिनिटांपर्यंत नेमके लिहिल्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की कोणीतरी घड्याळ लावून मोजले आहे. वेग ८०५ ऐवजी ९०० धरला असता तर हाच आकडा पावणेदहा तासांवर आला असता.

दुसरा दोष अधिक खोल आहे. लिस्बनला जाण्याचा वेळ आणि लिस्बनहून परतण्याचा वेळ पान एकच दाखवते. प्रत्यक्षात युरोपला जाताना वेळ जास्त लागतो आणि येताना कमी, हे एकदा प्रवास केलेल्या कोणालाही विचारावे. आपल्या उत्तरेला, साधारण तीस ते चाळीस अक्षांशांच्या पट्ट्यात, नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो आणि तो हिवाळ्यात अधिक प्रबळ असतो. विमानाचा स्वतःचा वेग ताशी ९०० धरला आणि समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा आला तर जमिनीच्या हिशेबाने वेग ८०० उरतो; तोच वारा पाठीमागून मिळाला तर हजार होतो. आठ हजार तीनशे किलोमीटरांवर या दोन वेगांत दोन तासांचे अंतर पडते. सगळी वाट सारखाच वारा मिळत नाही, म्हणून प्रत्यक्षात फरक याहून कमी, तासाभराचा किंवा थोडा जास्त निघतो. पानाने ‘जाताना’ आणि ‘येताना’ असे दोन रकाने करून अर्धा-अर्धा तास इकडेतिकडे केला असता तरी पुष्कळ काम झाले असते.

आकाश बंद असण्याचा मुद्दा तर आता नेहमीचाच झाला आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपल्या हद्दीतून उडण्यास मनाई केली आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना दक्षिणेकडून वळसा पडू लागला. २०१९ साली फेब्रुवारी ते जुलै असाच काळ गेला होता. पानाला विचारले तर दिल्ली ते लिस्बन त्याच सरळ रेषेने, पाकिस्तानवरून, सुमारे ७,७७० किलोमीटर. अशा दिवसांत वडीलधाऱ्या मंडळींना दिल्लीमार्गे पाठवताना पानावरचा वेळ सांगणे म्हणजे त्यांना न्यायला आलेल्या मुलाला विमानतळावर उगीच ताटकळत ठेवणे आहे.

इथवर वाचून कोणाला वाटेल की हे पान टाकाऊ आहे. तसे मुळीच नाही. त्यात एक सोय अशी आहे की तिच्यापुढे वरील सर्व तक्रारी मी गिळायला तयार आहे : दोन विमानतळांच्या मध्ये थांबे घालून एकूण अंतर काढता येते. गोव्याच्या माणसाला थेट विमान नाहीच, तेव्हा त्याचा खरा प्रश्न ‘लिस्बन किती दूर?’ हा नसून ‘कोठून वळून जाऊ?’ हा असतो. मोपा ते दोहा सुमारे २,५४० किलोमीटर आणि दोहा ते लिस्बन सुमारे ५,८१०. बेरीज ८,३५५ च्या जवळपास. म्हणजे सरळ रेषेपेक्षा केवळ तीस-पस्तीस किलोमीटर जास्त! दोहा नकाशावर रेषेच्या बरेच खाली दिसते, पण इतक्या लांबच्या वाटेवर थोडे बाजूला सरकल्याने अंतर फारसे वाढत नाही. मोपाहून मुंबईला आणि तेथून सरळ रेषेने लिस्बनला गेले तर बेरीज ८,४०० च्या घरात जाते. दिल्लीमार्गे मात्र १,४६० आणि ७,७७० मिळून ९,२३० किलोमीटर होतात, म्हणजे आधी उत्तरेला जाऊन मग पश्चिमेला वळण्याचा नऊशे किलोमीटरांचा भुर्दंड. दिल्लीचे तिकीट चार-पाच हजारांनी स्वस्त दिसले म्हणून हुरळून जाणाऱ्या माणसासमोर या तीन बेरजा ठेवल्या की तो स्वतःच विचार करू लागतो. गोव्यातून बोटीवर कामाला जाणारी मुले मायामी किंवा बार्सिलोनाला जहाज पकडायला निघतात, त्यांना कंपनी जे तिकीट देईल तेच घ्यावे लागते, पण आपल्याला किती फिरवून नेत आहेत हे त्यांनाही येथे कळते. मोपा ते मायामी सरळ रेषेतच १४,६०० किलोमीटर आहे.

थांबे घातल्यावर अंतर सुधारते, वेळ सुधारत नाही. पान दोन्ही टप्प्यांचा वेळ त्याच सूत्राने काढून बेरीज करते, मधला मुक्काम शून्य धरते. डिचोलीचे एक सद्‌गृहस्थ, मुलीला भेटायला लिस्बनला जाणारे, तिकिटाचा कागद हातात घेऊन म्हणाले, “अहो, जावई म्हणतात अकरा तास, तुम्ही म्हणता साडेचौदा, आणि या कागदावर पाहतो तर चारला निघून एकला पोचतो, म्हणजे नऊच! खरे कोणाचे धरू?” तिन्ही आकडे आपापल्या जागी कसे आले ते सांगतो. हिवाळ्यातला दिवस धरू. मोपाहून पहाटे ४ वाजता निघालेले विमान सुमारे चार तासांनी दोहाला पोचते, तेव्हा तेथील घड्याळात साडेपाच झालेले असतात, कारण दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तेथे अडीच तास थांबून आठला दुसरे विमान निघते आणि आठ तासांनी लिस्बनला उतरते. लिस्बन हिवाळ्यात दोहापेक्षा तीन तास आणि आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, म्हणून तेथे दुपारचा १ वाजलेला असतो. आपल्याकडे त्या वेळी संध्याकाळचे साडेसहा. पहाटे चार ते संध्याकाळी साडेसहा, म्हणजे साडेचौदा तास, आणि हाच प्रवास. कागदावरचे नऊ तास हा दोन देशांच्या घड्याळांचा खेळ आहे आणि जावयांचे अकरा तास याच पानावरून आलेले आहेत. त्यातही विमान कंपनीच्या वेळापत्रकातील बारा तास विमान जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतचे असतात, त्यात धावपट्टीपर्यंतची रांग आणि उतरल्यावरचे सरपटणे आलेच. पानाच्या अर्ध्या तासात ते मावत नाही.

घड्याळाचा हा खेळ पान स्वतःही खेळते, आणि तेथे एक त्रुटी अशी आहे की तिने गोंधळ होऊ शकतो. निघण्याची वेळ टाकली तर पोचण्याची स्थानिक वेळ सांगण्याची सोय आहे. आपला साडेपाच तासांचा अर्धा-मुर्धा फरक त्याला नीट समजतो, जे अशा सर्वच पानांना समजतेच असे नाही. पण पोर्तुगालमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात, त्यामुळे उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा असतो आणि हिवाळ्यात साडेपाच. पान प्रवासाची तारीख विचारतच नाही. आज जो फरक असेल तोच धरते. गणेश चतुर्थीच्या सुमारास बसून नाताळाच्या प्रवासाचा हिशेब केला तर पोचण्याची वेळ एका तासाने चुकते. लिस्बनहून पुढे पोर्तोची आगगाडी धरायची असेल तर हा तास फार मोलाचा आहे.

विमानतळ ते विमानतळ एवढाच प्रवास मोजण्याची या पानाची रीत लंडन किंवा लिस्बनसारख्या शहरांना एकवेळ चालते, कारण लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे आणि मेट्रो थेट तेथे जाते. गोव्यात तसे नाही. येथे दोन विमानतळांपैकी कोणता, यावर घरून निघण्याची वेळ ठरते. काणकोणच्या माणसाला मोपा शंभर किलोमीटरहून दूर आहे आणि जुवारीवरचा नवा पूल होऊनही पर्वरी आणि म्हापशाच्या रहदारीचा भरवसा नसतो, म्हणून तीन तास हाताशी ठेवावेच लागतात. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी पोचायचे, तेव्हा पहाटे चारच्या विमानासाठी काणकोणहून रात्री दहालाच गाडी सुटायला हवी. उलट पेडण्याचा किंवा सावंतवाडीचा माणूस जेवून, थोडा आडवा होऊन मग निघू शकतो. कदंबच्या बसगाड्या मोपाला जातात, पण रात्रीच्या उड्डाणासाठी घरची गाडी किंवा आधी सांगून ठेवलेली टॅक्सी हाच खात्रीचा मार्ग. पानाने दाबोळी ते मोपा विमानाने ३३ मिनिटे सांगितली, रस्त्याने ते अंतर साठ किलोमीटरहून अधिक भरते आणि वेळ दीड तासाच्या पुढे जातो. उतरणे एका विमानतळावर आणि पुढचे उड्डाण दुसऱ्यावरून, अशी तिकिटे जोडून देणारी संकेतस्थळे आहेत. तिकीट घेण्यापूर्वी ती तीन अक्षरे पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालावीत.

एकेकाळी गोवा आणि लिस्बन यांच्यात खरोखरच विमाने ये-जा करीत, हे नव्या पिढीला सांगितले तर आश्चर्य वाटते. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीज राजवटीने १९५० च्या दशकात बांधला आणि १९६१ पूर्वी त्यांच्या येथील विमान कंपनीची विमाने कराचीसारखे थांबे घेत लिस्बनपर्यंत जात. तेव्हाही मध्ये उतरावे लागे, आजही लागते.

किरकोळ गोष्टी थोडक्यात. प्रत्येक प्रवाशामागे किती कार्बन हवेत जातो याचा आकडा पान देते, पण खुर्ची साधी की महागड्या वर्गातली आणि विमान भरलेले की रिकामे, हे न विचारता, त्यामुळे तो आकडा मी वाचत नाही. मोबाईलवर जाहिराती नकाशावरच येऊन बसतात आणि त्या बंद करण्याची फुली इतकी लहान आहे की बोट जाहिरातीवरच पडते. मराठी भाषेचा पर्याय नाही. हिंदीचा आहे, पण त्यात विमानतळांची नावे जशी उमटतात तशी कोणी उच्चारत नाही, म्हणून इंग्रजीच ठेवलेले बरे. पान उघडायला वेळ लागत नाही आणि कचेरीतले इंटरनेट कुंथत असतानाही अंतर येते, हे मान्य केले पाहिजे.

अंतर आणि थांब्यांची तुलना यासाठी मी या पानाला पाचांपैकी साडेचार गुण देईन आणि वेळेसाठी दीड. तो दीडही सूत्र इतके उघडे आहे म्हणून, की ३३ मिनिटांचा एक प्रश्न विचारून कोणालाही ते पकडता येते. वेळ पाहायची असेल तर विमान कंपनीचे स्वतःचे वेळापत्रक उघडावे, आणि ते विमान गेल्या आठवड्यात खरोखर किती वाजता पोचले हे जाणायचे असेल तर विमानांचा माग दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर त्याचा उड्डाण क्रमांक टाकावा. तेथे होर्मुझची सरळ रेषा कोठे सोडली आणि वळसा कोठून घेतला तेही दिसते. वर्षाची वर्गणी भरून जाहिराती काढण्याची सोय या पानावर अलीकडे आली आहे. रोज दहा जणांचे मार्ग काढणाऱ्या आमच्यासारख्या कचेरीला ती एकवेळ परवडेल, पण वर्षातून एकदा मुलाकडे जाणाऱ्याने तिच्यासाठी खिशात हात घालू नये.